फणसाखालची

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

या दोन हातांनी केलेल्या वस्तू: देवळामागच्या झऱ्यापासून वाडीपर्यंत पाण्याची लाइन, पंप न लावता, नुसत्या उतारावर. काजू फोडायचं पायाने चालणारं यंत्र, ज्यातून गर अख्खा निघतो. आंबे उतरवायचा झेला, घडीचा, टेम्पोत आडवा मावतो. आमच्या घराची सगळी दारं-खिडक्या, सांध्यात कुठेही खिळा नाही. बायकोचं, कमळाचं, पायाचं शिलाई मशीन मोटरवर करून दिलं. शाळेची घंटा. आणि वाडीचा नकाशा, फितीने मोजून, प्रत्येक घर, विहीर, दगडी गडगा आणि पायवाट दाखवलेला. तलाठ्याकडच्या नकाशात आमची वाडी म्हणजे माशी बसून गेल्याची खूण आहे. माझ्या नकाशात घरांच्या पायऱ्यासुद्धा आहेत.

हे लिहायचं कारण असं, की आज एका संशोधन संस्थेच्या योगिनी मॅडम घरी आल्या होत्या. ज्या घरांतले पुरुष मुंबईला कामाला आहेत, त्या घरांतल्या बायकांच्या आरोग्याची पाहणी करायची आहे. त्यांना गावातला माणूस हवाय. हातखंब्याच्या एका गॅरेजवाल्याने माझं नाव सांगितलं. नेमणुकीच्या कागदावर 'शिक्षण' या शब्दापुढे बोटभर जागा होती. नववी लिहिलं. बाकीच्याला जागा नव्हती, म्हणून इथे लिहिलं.

नकाशा पाहून मॅडम म्हणाल्या, "हा तुम्ही केलात? कुठे शिकलात?"

म्हटलं, "चुकून चुकून."

कमळा आतून बोलली, "चुकलेले कागद बंबात घालून दोन हिवाळे आंघोळी झाल्या आमच्या."

२३ नोव्हेंबर, शनिवार

रत्नागिरीला शिकवणी झाली. बाकी सगळी कॉलेजची मुलं, मी एकटा बावन्न वर्षांचा. मॅडमचं काम मला आवडलं. प्रत्येक गोष्टीला नियम. बाईला आधी सगळं वाचून दाखवायचं. कळलं का ते तिच्या तोंडून काढून घ्यायचं. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबू देणं हा तिचा हक्क. 'नको' म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. मुलाखत मॅडम घेणार, मी खोलीत नसणार. आणि खरी नावं कुठेही लिहायची नाहीत. "प्रत्येक घराला तुम्हीच दुसरं काहीतरी नाव द्या," असं मला सांगितलं.

लेथवर काम करणाऱ्याला अशी शिस्त पटते. पोरं मोबाइलमध्ये बघत होती.

३ डिसेंबर, मंगळवार

घरांची नावं लावून झाली. रेशनकार्डावरचं नाव किंवा आडनाव एकही घेतलं नाही. तसंही आमच्याकडे आडनावाने घर सापडत नाही, निम्मी वाडी एकाच आडनावाची. सरळ वाडीत बोलतात तीच नावं लावली: ओढ्याकाठचं ते व्हाळावरचं, मग वरच्या गडग्याचं, चाफ्याकडचं, फणसाखालचं. नेमकं काम.

मॅडमना दाखवलं. फार खूश झाल्या. "किती सुंदर नावं दिलीत हो! चाफ्याकडचं काय, फणसाखालचं काय! तुमच्यात कवी आहे बाबूराव."

चाफ्याकडे चाफा नाही. फणसाखालचा फणस तर वादळात पडला, त्याची फळी आमच्याच माजघरात आहे. पण नावं थोडीच पडतात. ही नावं माझी नाहीत, आजोबा-पणजोबांपासूनची आहेत, हे सांगायचं तोंडावर आलं होतं. पण बाई एवढं कौतुक करत होती, मधे कशाला तोडायचं? बाबूराव म्हणणारं माणूस रोज भेटत नाही. इथे सगळे बाबू मिस्त्री म्हणतात, आणि मागे याहून कमी.

८ डिसेंबर, रविवार

एक सोडून सगळी घरं झाली. राहिलं ते फणसाखालचं.

तिथे यमुनाबाई, तिची सून नम्रता आणि दोन नाती. थोरली सानवी तिसरीत, धाकटी अंगणवाडीत. मुलगा अनिल मुंबईला कुरियर कंपनीत. यमुनाबाई माझ्या आईच्या वयाची नाही, पण मी तिला काकी म्हणतो. नातू व्हावा म्हणून तिने सोमवार धरलेत, देवीला नवसही बोलून ठेवलाय.

नम्रताला विचारलं तर म्हणाली, "माझं नको काका. माझ्याकडं सांगण्यासारखं काय नाय."

मॅडमचा नियम दुसऱ्यांदा न विचारण्याचा. पण ती 'नको' म्हणाली ती लाजेने, नकाराने नव्हे. माणूस ओळखता येतो मला. आणि नकाशावर तेवढंच एक घर कोरं राहिलंय. चांगल्या दाराला एकच बिजागरी न बसवता परत द्यावं, तसं वाटतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

झालं. काल पाणवठ्यावर नम्रताला पुन्हा गाठलं. म्हटलं, "तुझं नाव कुठे येणार नाही. मी सगळे नियम स्वतः ऐकलेत."

"आणि आलं तर?"

"माझा शब्द आहे."

थोडा वेळ तिने कळशी नुसतीच धरून ठेवली. मग म्हणाली, "बोलायला कोण नसतं काका. मॅडमना बोलावा. पण आईंना लांब ठेवा."

तेव्हा आज मॅडम आणि नम्रता माजघरात, आणि मी यमुनाकाकीला घेऊन मागीलदारी. तिच्या विळीचं पातं हलत होतं, ते बसवून दिलं. मुद्दाम सावकाश.

"काय रे बाबू," काकी म्हणाली, "त्या बाईला माझ्या सुनंकडं एवढं काय विचारायचं हाय? जेवतेस काय, झोपतेस काय, एवढंच ना?"

"तसंच काहीतरी."

"मग एवढा वेळ? माझी सून माझ्याशी एवढं बोलत नाय." मग पुढे हसून, "पण गुणाची हाय हो. मी सोमवार करते तर ती पण माझ्यासोबत उपाशी राहते."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही. नियम आहे.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

मॅडमचा फोन. पहिला अहवाल मराठीत पुस्तिका म्हणून छापताहेत. ज्या लोकांनी माहिती दिली त्यांना ती आधी वाचून दाखवली पाहिजे, असं त्यांचं मत. वरचे सर म्हणतात तेवढा वेळ नाही, छापल्यावर एक सभा घ्या. सभा कधी घ्यावी ते मला विचारलं.

म्हटलं, शिमग्याला घ्या. मुंबईकर सगळे घरी असतात. एरवी सभेला म्हाताऱ्या आणि कोंबड्या येतील.

पुस्तिकेत माझा नकाशा छापणार आहेत, घरांची खूण काढून. कोपऱ्यात नाव येईल.

१६ मार्च, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली होती. शेजारच्या शाळेत सभा. पोरं ढोल बाहेर ठेवून आत आली, त्यामुळे वर्ग गच्च. अनिल पहिल्या बाकावर, शुक्रवारीच मुंबईहून आला. यमुनाकाकी खाली चटईवर. नम्रता दाराशी, धाकटीला कडेवर घेऊन. पुस्तिका वाटल्या. नकाशा पान चारवर, छपाई चांगली, माझ्या नावातला ऊकार ऱ्हस्व पडलाय.

योगिनी मॅडम म्हणाल्या, "यात कुणाचंही नाव नाही. पण या तुमच्याच वाडीतल्या बायका आहेत. त्या एकट्याने काय काय सोसतात ते ऐका." आणि वाचायला लागल्या. व्हाळावरच्या घराचं आलं, पाठदुखीचं. दोघीतिघी हसल्या, तिकडच्या सुलूकडे बघून. मला तेव्हा काही वाटलं नाही. उलट, लोक लक्ष देऊन ऐकताहेत असं वाटलं.

मग हे आलं. पुस्तिकेतून उतरवून घेतो:

"फणसाखालच्या घरातली सून, वय एकतीस, दोन मुली. 'सासूबाई नातवासाठी उपास करतात. मी पण त्यांच्याबरोबर करते, कारण मला त्यांची दया येते. मी तांबी बसवून घेतलीय हे त्यांना कसं सांगू? रत्नागिरीला गेले होते ते डोळे तपासायला नव्हते. मिस्टरांनापण माहीत नाही. मला तिसरं झेपणार नाही. दुसरीच्या वेळेला मी मरत होते, ते कुणाच्या लक्षात नाही.'"

मागून कुणीतरी बोललं, "अगो! फणसाखालची!"

मॅडम वाचत राहिल्या. त्यांना काही कळलं नाही. पुढचं घर सुरूसुद्धा केलं त्यांनी. अनिलने मागे वळून दाराकडे पाहिलं. यमुनाकाकीला वेळ लागला. ती आपल्याच नादात मान हलवत होती. मग थांबली आणि हळूच, कुणाला उद्देशून नाही, म्हणाली, "उपास तर मी करतंय."

नम्रता दाराशी नव्हती.

मी पुस्तिका परत तपासली. नाव नाही. आडनाव नाही. घर नंबर नाही. नियम पाळलेला आहे. एकही नियम मोडलेला नाही.

१७ मार्च, सोमवार

पालखी घरोघर फिरतेय. फणसाखाली आली तेव्हा मी खांदेकऱ्यांत होतो. दर वर्षी ओटी नम्रता भरते, घरची सून म्हणून. आज यमुनाकाकीने भरली. अनिल तुळशीकडे तोंड करून उभा. नम्रता आत, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला. सानवी तिला बाहेर ओढत होती: "आई, देवी आली ना, चल ना." ढोल वाजले आणि आम्ही पालखी नाचवायला उचलली. मला वाटलं खांदा बदलावा, बदलला.

१९ मार्च, बुधवार

सकाळी यमुनाकाकीने सहाणेवर बोलावलं. पालखी उद्या देवळात जायची. अनिल होता, दोन मानकरी होते, गुरव होता. काकीने माझ्या हातात नारळ दिला.

म्हणाली, "बाबू, घरांची नावं तू लिवलीस ना?"

"हो."

"मग देवीसमोर बोल. ती बाई माझी सून नाय. दुसरी कोण ती मला सांगू नको, मला कळायला नको. एवढंच बोल, की नम्रता नाय."

मी नारळाची शेंडी चाचपत राहिलो.

"बोल ना रे. तू बोललास तर मी मानीन. हा पण मानील. तू खोटं बोलत नायस, सगळ्या गावाला ठावं हाय." तिने माझा हात नारळासकट धरला. "बोल बाबा."

अनिल माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. वाट बघत होता.

मी म्हटलं, "काकी, वाडीत फणसाखालचं घर एकच आहे."

मग काकीने हात सोडला. गुरवाने नारळ माझ्या हातातून काढून घेतला.

घरी येऊन कमळाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"ती म्हातारी तुमच्याकडं खोटं मागायला आली होती. भीक मागतात तसं."

"देवीसमोर?"

"मी असते तर दहा वेळा बोलले असते. नारळ डोक्यावर ठेवून बोलले असते. देवी बाई हाय, तिला काय कळत नाय?"

तिचं म्हणणं बाईचं म्हणणं आहे. मी चूक माप कधी दिलं नाही, आज देवीसमोर कसं देणार? शिवाय सगळ्यांना माहीतच होतं. माझ्या एका शब्दाने काय फरक पडणार होता?

काकी म्हणाली होती, मी मानीन. हा पण मानील.

२२ मार्च, शनिवार

नम्रताला माहेरी पाठवलं, खेडच्या बाजूला. मुली इथेच, शाळा आहे म्हणून. अनिलने तिला हातखंब्याला सोडलं आणि एसटी यायच्या आधीच तो परत फिरला. मी मागून मोटारसायकलने गेलो होतो. ती एकटी, बॅग पायाशी.

म्हटलं, "नम्रता, पुस्तिकेत तुझं नाव नाही. मी सगळी पानं तपासली."

"हां काका."

थोड्या वेळाने म्हणाली, "देवीसमोर तुम्ही 'नम्रता नाय' बोलला असतात तर काय झालं असतं?"

"खोटं झालं असतं."

तिने मान हलवली. समजल्यासारखी. मग, "सानवीच्या दप्तराचा पट्टा तुटलाय. जमलं तर लावून द्या. तुमच्या हातचं टिकतं."

गाडी आली. गर्दी होती. तिला जागा मिळाली की नाही दिसलं नाही.

२३ मार्च, रविवार

दप्तर आणायला गेलो. काकीने दारातूनच सांगितलं, "नवीन घेतलंय." सानवीच्या खांद्यावर जुनंच होतं, पट्ट्याला गाठ मारलेली.

२ एप्रिल, बुधवार

योगिनी मॅडमना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

मग म्हणाल्या, "पण बाबूराव, ती नावं तुम्ही बनवली होती ना? मी त्या घरी गेले होते. तिथे फणस नव्हता. मी नीट बघितलं होतं, अंगणात, मागे, कुठेच फणस नव्हता. मला वाटलं तुम्ही मुद्दाम असं नाव दिलंत, की घर ओळखू येऊ नये."

मी म्हटलं, "फणस पडला. नाव राहिलं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्या रडायला लागल्या. पुस्तिका परत मागवायला सांगते म्हणाल्या, नीतिसमितीला स्वतः लिहिते म्हणाल्या, स्वतःची चूक म्हणून. मी म्हटलं, परत मागवून काय होणार, लोकांना वाचायची गरजच नाही, ऐकलंय.

त्यांनी विचारायला हवं होतं. शिकलेलं माणूस आहे. अंगणात झाड नाही आणि नावात झाड आहे, तर विचारावं. त्यांनी कौतुक केलं तेव्हाच मी बोललो असतो, तर ते आपलीच शेखी मोडल्यासारखं झालं असतं. आणि एवढ्याशा गोष्टीवर एवढं अवलंबून असेल हे कुणाला ठाऊक होतं?

नम्रताला मी पुन्हा विचारायला गेलो होतो. पाणवठ्यावर. हे मॅडमना सांगितलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

नम्रता परवा आली होती. अनिलने म्हणे फोनवर सांगितलं होतं, आधी काढून ये, मग बघू. तिने खेडला जाऊन तांबी काढून घेतली. डॉक्टरचा कागद आणला होता. भर दुपारी अंगणात उभी राहिली. अनिल मुंबईला. काकी पडवीत काजू सोलत होती. पावशेर गर सोलून होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

मग म्हणाली, "एकदा डोळं तपासायला गेली होतीस. आता हा कागद कसला, मला वाचता येत नाय."

मी गडग्याच्या अलीकडे होतो. वाचून द्यावं म्हणून पुढे झालो. काकी म्हणाली, "तू नको."

सानवी खिडकीत होती. धाकटी आतून रडत होती, तिला कुणी बाहेर येऊ दिलं नाही. नम्रता खूप वेळ उभी राहिली. पाणी मागितलं नाही, कुणी विचारलं नाही. कमळाने जाऊन तिला आमच्याकडे आणलं, तर ती आमच्या पायरीपर्यंत आली आणि मला बघून परत फिरली.

कमळा दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते.

३ मे, शनिवार

अनिल दुसरी बघतोय असं ऐकलं. वाडीत सगळ्यांना माहीत आहे, मला सांगितलं नाही. मला आता कुणी काही सांगत नाही. व्हाळावरच्यांच्या पाण्याच्या लाइनला गळती लागली, तर त्यांनी रत्नागिरीहून माणूस आणला. चुकीचा जोड लावलाय त्याने. वरून दिसतो.

११ मे, रविवार

संस्थेचे मोठे सर आले, गाडी घेऊन. योगिनी मॅडम आता तिथे नाहीत. त्यांच्या तक्रारीवर समितीची चौकशी लागली आहे.

सर सभ्य. चहा घेतला, दारांचे सांधे बघितले, बोट फिरवून बघितलं. मग कागद काढला. त्यावर असं लिहिलेलं होतं, की छापण्यापूर्वी पुस्तिकेतला मजकूर नम्रताला पूर्ण वाचून दाखवला, तिने तो मान्य केला, आणि त्या वेळी साक्षीदार म्हणून मी हजर होतो. तिची सही तिच्याकडून मी आणायची. खेडला गाडीने सोडतो म्हणाले. "तिचंही नुकसान आम्ही बघू. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल."

म्हटलं, "वाचून दाखवलं नव्हतं."

"बाबूराव, जे झालं ते झालं. आता एका कागदाने निदान प्रकल्प तरी वाचतो. शेकडो बायकांचं काम आहे."

"असेल. पण वाचून दाखवलं नव्हतं."

कमळा दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तर ती सरांकडे बघत होती, नंतर माझ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

कागद परत दिला. तिसऱ्यांदा मी नम्रताकडे काही मागायला जाणार नाही, असंही सांगितलं. सरांना 'तिसऱ्यांदा' म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

जाताना त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. सही मिळाली तर पाहणीचा दुसरा भाग तीन तालुक्यांत, खेड धरून. त्यासाठी तालुका समन्वयक म्हणून मी. ओळखपत्र, मोटारसायकलचं पेट्रोल वेगळं, 'शिक्षण' या रकान्याची अडचण ते बघतील. महिना बावीस हजार, दोन वर्षं. एकूण पाच लाख अठ्ठावीस हजार रुपये. नाही म्हणालो.